मागून येणाऱ्याची वाट

कार्तिक सरत आला, की आपल्या पेडणे तालुक्यात जत्रांचे आणि दहीकाल्यांचे दिवस सुरू होतात. आज या गावी, तर उद्या त्या गावी. दशावताराचा आख्यानभाग रंगात येईपर्यंत मध्यरात्र उलटते आणि दहीहंडी फुटते तेव्हा पूर्वेला उजाडू लागलेले असते. आमच्या आज्यापणज्यांच्या काळी पार्से गावातून मांद्रे, कोरगाव किंवा तुये येथला काला पाहावयास माणसे पायीच जात. त्या जाण्याची एक रीत होती, असे वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही ऐकले आहे. पेटती चूड हाती घेतलेला एक जण पुढे असे, मध्ये बायकामुले असत, आणि सर्वांच्या मागे एखादा जाणता, धिमा गृहस्थ चालत असे. पाणंदीत एखादे पोर मागे राहिले, तर त्या शेवटच्या गृहस्थाची हाक पुढपर्यंत जाई आणि चूड जागच्या जागी थांबे. सगळी माणसे एकत्र निघत आणि सगळी एकत्र घरी पोचत.

आता चूड गेली आणि पाणंदींचे डांबरी रस्ते झाले. जत्रेच्या संध्याकाळी श्रीभगवतीच्या देवळाच्या वाटेवर सात-आठ मोटारसायकली गोळा होतात. कोणी मित्राला मागे घेतो, कोणी दोघांना घेतो, आणि एकाने गाडी सुरू केली की बाकीच्यांच्या गाड्या आपोआप गर्जू लागतात. पुढे कोण आणि मागे कोण, वाटेत कोठे थांबायचे, एखादा चुकला तर काय करायचे, याचा विचार कोणाच्याच मनात नसतो. दिवे भराभर वळणाआड जातात आणि गाव पुन्हा शांत होतो. घरी आई मात्र जागी असते.

विद्यार्थिमित्रहो, तरुणांनी मिळून प्रवास करू नये, असे सांगण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. तसे सांगणारे वडील पुष्कळ आहेत आणि त्यांचे कोणी ऐकत नाही, हेही मला ठाऊक आहे. सोबतीने प्रवास करणे ही चांगली गोष्ट आहे. एकाची गाडी बंद पडली तर दुसरा मदतीस असतो, आणि अंधाऱ्या रस्त्यावर एका दिव्यापेक्षा पाच दिवे समोरच्याला लवकर दिसतात. माझे म्हणणे एवढेच आहे, की बरोबर निघालेल्या माणसांना जथा म्हणता येत नाही. जी माणसे एकमेकांची वाट पाहतात त्यांचाच जथा होतो. आणि मोटारसायकलींच्या जथ्यात सर्वांत महत्त्वाचा माणूस पुढे धावणारा नसून शेवटी येणारा असतो. त्याच्या वेगाने सर्वांनी चालले पाहिजे. हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. एका मित्राच्या पायाची किंमत देऊन शिकलो आहे.

२००९ सालच्या पावसाळ्यातील ही गोष्ट आहे. मी तेव्हा महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षात होतो. आम्ही सात मित्र सात गाड्या घेऊन आंबोलीचा धबधबा पाहावयास निघालो. पेडणे, पत्रादेवी, बांदा, सावंतवाडी आणि मग दाणोलीच्या पुढे घाट, असा आमचा मार्ग होता. माझी गाडी नवी आणि दमदार असल्यामुळे मी आपण होऊन पुढारी झालो. सातव्या गाडीवर आमच्यातला सर्वांत अबोल मित्र होता. परवाना मिळून त्याला तीन महिनेही झाले नव्हते, आणि त्याची गाडी थोरल्या भावाने वापरून जुनी झालेली, शंभर सीसीची होती. आमच्यातील बहुतेकांच्या गाड्या तिच्या दीडपट शक्तीच्या होत्या. जाताना तो दोनदा मागे राहिला आणि दोन्ही वेळा तो येऊन पोचल्यावर आम्ही त्याची थट्टा केली. ती थट्टा प्रेमाची होती, परंतु तिचा परिणाम काय झाला, हे आम्हांला संध्याकाळी कळले.

परतताना घाटात धुके उतरले आणि अंधारही लवकर पडला. मी झरझर उतरून दाणोलीला आलो. एकामागून एक गाड्या येत गेल्या. आम्ही चहा सांगितला, ओले रुमाल पिळले, हसलो, खिदळलो. चहाचे पेले मोजून देणाऱ्या दुकानदाराने सहज विचारले, ‘सहाच ना?’ त्या प्रश्नाने आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. आम्ही येऊन तोवर वीस मिनिटे तरी झाली होती. घाटात फोन लागत नव्हता. आम्ही उलट फिरलो.

एका वळणावर मालट्रक उभा होता. त्याच्या चालकाने रस्त्यावर झाडाच्या डहाळ्या ठेवून मागून येणाऱ्या वाहनांना इशारा केला होता, आणि तो स्वतः आमच्या मित्राजवळ पावसात बसून राहिला होता. गाडी ओल्या पाल्यावरून घसरून कठड्याला लागली होती आणि मित्राचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला होता. डोक्यावर शिरस्त्राण होते म्हणून डोके वाचले. ज्या परक्या माणसाचे आम्ही नावही विचारले नाही, तो थांबला. आणि ज्यांना तो मित्र म्हणत होता ते सहा जण चहा पीत होते. आज इतकी वर्षे झाली, तरी हा विचार मनात आला की मला माझीच लाज वाटते. माझा मित्र अजून किंचित लंगडतो. त्याने मला कधी बोल लावला नाही. रुग्णालयात तो एवढेच म्हणाला होता, ‘तुम्हांला गाठायला बघत होतो.’

या चार शब्दांत बहुतेक सामुदायिक अपघातांचे कारण साठवलेले आहे. माझा मित्र एकटा असता, तर त्या धुक्यात त्या वळणावर त्या वेगाने कधीच आला नसता. त्याचे स्वतःचे भान त्याने आमच्या हाती दिले होते, आणि आम्ही तर मागे वळूनही पाहत नव्हतो. समुदायात माणसाला एक खोटे धैर्य येते. पुढचा गेला म्हणजे रस्ता मोकळा आहे, असे मागचा धरून चालतो. वस्तुतः पुढचा गेला तेव्हा रस्ता मोकळा होता, एवढेच खरे असते. दोन सेकंदांनंतर काय होईल, याची हमी पुढच्याला देता येत नाही. पुढच्याने बसला ओलांडले म्हणून त्याच्या पाठोपाठ डोळे मिटून बसला ओलांडणारा समोरून येणाऱ्या ट्रकच्या तोंडी सापडतो, तो याच कारणाने.

या गोष्टीला गणिताचीही बाजू आहे. वर्गात काळ, काम, वेगाची उदाहरणे सोडवताना तुम्ही कंटाळता. हे एक उदाहरण कंटाळा न करता सोडवून पाहा. जथ्याचा वेग ताशी ५० किलोमीटर आहे आणि शेवटचा गडी ३०० मीटर मागे पडला आहे. त्याला दोन मिनिटांत पुढच्यांना गाठायचे असेल, तर त्याने ताशी ५९ किलोमीटर वेगाने जावे लागेल. एका मिनिटात गाठायचे असेल, तर ६८. म्हणजे पुढचा माणूस शांतपणे ५० ने जात असताना सर्वांत नवखा आणि सर्वांत दुबळ्या गाडीवर बसलेला माणूस ६८ ने धावतो आहे! पुढारी वळण संपताच वेग वाढवतो. त्या वेळी शेवटचा अजून वळणात असतो. प्रत्येक वळणाला अंतर थोडे थोडे वाढत जाते आणि त्याची सगळी भरपाई शेवटच्याला करावी लागते. म्हणून पुढाऱ्याला वाटते, ‘मी तर हळूच जात होतो.’ मलाही तसेच वाटत होते.

आता थांबण्याचे गणित पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोरचे संकट डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच आपण १७ मीटर पुढे गेलेलो असतो. ब्रेक लागल्यावर गाडी थांबण्यास लागणारे अंतर तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ३० चा ६० केला, तर हे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. आणि हे झाले कोरड्या रस्त्याचे. आपल्याकडे पावसाळ्यात चढावरची तांबडी माती वाहून रस्त्यावर येते, हरमल-मोरजीच्या बाजूला वाऱ्याने वाळू येते, आणि रात्री गुरे डांबराच्या उबेला रस्त्यातच बसतात. पुढच्या गाडीच्या चाकाला चाक लावून जाणाऱ्याला यांतील काहीच आधी दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त मित्राची पाठ.

मग जथ्याने चालावे तरी कसे? अमेरिकेत १९७३ साली स्थापन झालेली मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशन ही संस्था चालकांना शिक्षण देण्याचे काम करते. तिचा सल्ला असा, की एका जथ्यात पाच ते सात गाड्या असाव्यात. माणसे अधिक असतील तर दोन जथे करावेत. यामागचे कारण सरळ आहे. दहा गाड्या एकामागे एक, दोन-दोन सेकंदांचे अंतर ठेवून ताशी ४० किलोमीटर वेगाने चालल्या, तर ती रांग सुमारे २०० मीटर लांब होते. एखाद्या बसने किंवा रुग्णवाहिकेने एवढी रांग आपल्या अरुंद रस्त्यावर कशी ओलांडावी? तीच रांग दोन तुकड्यांत असेल, तर मध्ये शिरावयास जागा राहते.

रुंद आणि सरळ रस्त्यावर या तुकडीने नागमोडी रचनेने चालावे, असे ती संस्था सांगते. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. त्यामुळे पहिल्याने आपल्या पट्ट्याच्या उजव्या भागात, दुसऱ्याने डाव्या भागात, तिसऱ्याने पुन्हा उजव्या भागात राहावे. तिरक्या रेषेतील पुढच्या गाडीपासून एक सेकंदाचे आणि अगदी समोरच्या गाडीपासून निदान दोन सेकंदांचे अंतर असावे. रस्त्याकडेचा एखादा खांब पुढची गाडी ओलांडून गेली की मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असे म्हणावे. ते म्हणून होण्याआधी आपण खांबापाशी पोचलो, तर आपण फार जवळ आहोत. परंतु वळणे आली, रस्ता खराब झाला, किंवा पाऊस-धुक्याने दिसेनासे झाले, की ही रचना मोडून एकामागे एक व्हावे आणि अंतर वाढवावे. पेडणे तालुक्याच्या आतील बहुतेक रस्त्यांवर तर नेहमी एकामागे एक जाणेच शहाणपणाचे. दोन गाड्या जोडीने नेत गप्पा मारणे हा आपल्या मुलांचा आवडता छंद आहे. समोर अचानक गाय आली, तर त्या दोघांपैकी एकालाही बाजूला सरकण्यास जागा नसते.

या सर्व नियमांहून मला एक नियम अधिक मोलाचा वाटतो. प्रत्येकाने आपल्या मागच्याचा दिवा आरशात पाहत राहावे. तो दिसेनासा झाला, की आपला वेग कमी करावा. तरीही दिसला नाही, तर सुरक्षित जागा पाहून थांबावे. आपण थांबलो की आपल्या पुढच्याला आपला दिवा दिसेनासा होईल आणि तोही थांबेल. अशा रीतीने शेवटच्याची अडचण हाकेशिवाय आणि फोनशिवाय पहिल्यापर्यंत पोचते. आमच्या सात जणांपैकी एकेकाने हा नियम पाळला असता, तर आम्ही दाणोलीपर्यंत पोचण्याआधीच घाटात थांबलो असतो. फाट्यावरही हाच नियम लागू करावा. जेथे वळायचे तेथे मागचा दिसेपर्यंत थांबावे. त्याला वाट दाखवावी आणि मगच पुढे जावे. चूड धरणारा पुढे आणि जाणता माणूस मागे, ही आपल्या पूर्वजांची रीत याहून वेगळी नव्हती. सर्वांत अनुभवी चालकांपैकी एकाने पुढे असावे, दुसऱ्याने अगदी शेवटी असावे, आणि सर्वांत नवख्याला पुढाऱ्याच्या लगेच मागे ठेवावे. मग पुढाऱ्याला त्याचा वेग आपोआप कळतो.

आणखी एक गोष्ट निघण्यापूर्वीच बोलून घेतली पाहिजे. गावातून बाहेर पडण्याआधी पाच मिनिटे उभे राहून ठरवावे : कोणत्या रस्त्याने जायचे, कोठे कोठे थांबायचे, कोणाला कोणते काम द्यायचे. आणि पुढाऱ्याने सर्वांसमक्ष म्हणावे, ‘ज्याला वेग जास्त वाटेल त्याने हात वर करावा, त्याला कोणी हसणार नाही.’ हे वाक्य ऐकावयास साधे आहे. माझ्या मित्राला ते कोणी ऐकवले असते, तर तो आज माझ्याबरोबर सरळ चालला असता.

येथे कोणी म्हणेल, ‘हे सगळे लांबच्या सफरीचे नियम झाले. तीन कोसांवरच्या जत्रेला कशाला पाहिजेत?’ मला हा आक्षेप फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपली चूक नेमकी येथे आहे. वागातोरला २०१३ साली इंडिया बाइक वीकचा पहिला मेळा भरला आणि देशभरचे मोटारसायकलस्वार त्यासाठी गोव्यात आले. महाराष्ट्रातून येणारे अनेक जथे आजही पत्रादेवीहून आपल्याच तालुक्यात शिरतात. त्यांच्या आवाजाबद्दल आपण तक्रार करतो, आणि काही जथ्यांबाबत ती रास्तही आहे. परंतु त्यांतील नीट चालणारा एखादा जथा थांबून पाहा. पुढे एक जण, शेवटी एक जण. जाड अंगरखे, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट. हाताच्या खुणा ठरलेल्या. आणि त्याच रस्त्यावरून आपली मुले सपाता घालून, डोके उघडे ठेवून, तिघे तिघे बसून काल्याहून परतत असतात, तीही रात्रभराच्या जागरणाने पेंगुळलेली. घराजवळच्या रस्त्याला शिस्त लागत नाही, हा आपला समज आहे. डांबराला मात्र घरचा आणि परका हा भेद कळत नाही. शिवाय पहाटेची झोप ही दारूइतकीच घातक असते. रात्रभर जागलेल्याने उजाडेपर्यंत देवळातच पडून राहावे. काला पाहून झोप काढल्याने कोणाचा कमीपणा होत नाही.

आपल्या गोव्यात मोटारसायकल पायलट हा एक जुना आणि कष्टाचा व्यवसाय आहे. पिवळ्या-काळ्या रंगाच्या गाडीवर परक्या माणसाला मागे बसवून हे लोक वर्षानुवर्षे पोट भरतात. पेडण्याच्या किंवा म्हापशाच्या नाक्यावर उभ्या असलेल्या एखाद्या जुन्या पायलटाला विचारून पाहा, इतकी वर्षे सुखरूप कशी काढलीत? बहुधा तो कोणतेही धाडस सांगणार नाही. मागे बसलेल्याला घरी पोचवायचे असते, हेच तो सांगेल. गाडी चालवण्याचे कौशल्य म्हणजे काय, याची याहून चांगली व्याख्या मला तरी ठाऊक नाही.

शिरस्त्राणाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ म्हणून इतिहासात प्रसिद्ध असलेला इंग्रज सेनाधिकारी टी. ई. लॉरेन्स हा मोटारसायकलचा मोठा शौकीन होता. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधील आपल्या घराजवळच्या एका लहानशा रस्त्याने तो येत होता. उंचवट्याआडून सायकलवरची दोन मुले अकस्मात दिसली. त्यांना चुकवताना तो फेकला गेला आणि सहा दिवसांनी मरण पावला. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. या मृत्यूने ते अस्वस्थ झाले आणि मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा त्यांनी अभ्यास आरंभला. १९४१ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सेनेतील मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे झाले. रणांगणावरून परतलेला माणूस घराजवळच्या रस्त्यावर गेला, हे आपल्या तरुणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्या देशाची स्थिती याहून कठोर आहे. केंद्र सरकारच्या नोंदींप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरची होती, आणि शिरस्त्राण न घातलेल्यांची संख्या ५०,०२९ होती. पन्नास हजार! पार्सेसारखी कितीतरी गावे एका वर्षात रिकामी झाली, असा याचा अर्थ होतो. शिरस्त्राण भारतीय मानक चिन्हाचे असावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बांधलेला असावा. पोलीस दिसला की डोक्यावर आणि एरवी कोपरात अडकवलेले शिरस्त्राण कोपराचे रक्षण करते, डोक्याचे नव्हे.

आता कायद्याविषयी. हे वार्षिक वाचणारे बहुतेक विद्यार्थी अठरा वर्षांखालील आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मोटारसायकल चालवण्यास अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. सोळा वर्षांची सवलत आहे, ती ५० सीसीपर्यंतच्या गाड्यांपुरती. मागे एकापेक्षा अधिक माणसे बसवण्यास मनाई आहे. शिकाऊ परवाना असलेल्या मोटारसायकलस्वाराला तर शिक्षकाखेरीज कोणालाच मागे बसवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पालकांवरही जबाबदारी आली आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. तेव्हा ‘गावातल्या गावात जाऊन येतो’ म्हणणाऱ्या मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या पालकांना माझी नम्र विनंती आहे, की प्रेमाने दिलेली ही किल्ली मुलाच्या आयुष्याची किती दारे बंद करू शकते, याचा क्षणभर विचार करावा.

‘मग आम्ही काय करावे?’ असे तुम्ही विचाराल. तुम्ही मागे बसता, हे विसरू नका. मागे बसणारा म्हणजे ओझे नव्हे. तो जथ्याचा दुसरा डोळा आहे. थोरल्या भावाच्या किंवा काकांच्या मागे बसलात, तर शेवटची गाडी दिसते की नाही, हे तुम्ही सांगत जा. दोघे बसलेले असतील, तर तिसरे म्हणून चढण्यास नकार द्या. शिरस्त्राण मिळाल्याखेरीज बसू नका. ‘दादा, हळू’ हे दोन शब्द उच्चारण्यास भिऊ नका; त्या दोन शब्दांना जे धैर्य लागते, ते वेगाला लागत नाही. शाळेत सायकलने येणाऱ्यांनी आजपासूनच एकामागे एक येण्याची सवय लावून घ्यावी. विद्यार्थिनींनाही मी हेच सांगेन, कारण स्कूटरचा दांडा आता त्यांच्याही हाती येणार आहे. जी सवय सायकलवर लागते ती पुढे मोटारसायकलवर टिकते.

आणि दुर्दैवाने अपघात झालाच, तर पळून जाऊ नका. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. जखमीच्या डोक्यावरचे शिरस्त्राण ओढून काढू नका आणि त्याला उगाच हलवू नका. मागून येणारी वाहने थांबतील अशी खूण करा. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मार्गदर्शक सूत्रांना मान्यता दिली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा परोपकारी माणसाला कायद्याचे संरक्षणही मिळाले. त्या ट्रकचालकाला २००९ साली असे कोणतेच संरक्षण नव्हते. तरीही तो थांबला होता.

मोपाच्या विमानतळाचे २०२२ च्या डिसेंबरात उद्घाटन झाले, राष्ट्रीय महामार्ग रुंद झाला, आणि आपल्या दारावरून जाणारी वाहने वाढली. रस्ते आणखी गुळगुळीत होतील, गाड्या आणखी वेगवान होतील. यांपैकी काहीच आपल्या हाती नाही. आपल्या हाती एक लहानसा आरसा तेवढा आहे.

पत्रादेवीला हुतात्म्यांचे स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही त्या सीमेवरून रांगेने गोव्यात शिरले आणि त्यांनी गोळ्या झेलल्या. पंजाबातून आलेला कर्नैलसिंग बेनिपाल हा तरुण त्या दिवशी तेथे धारातीर्थी पडला. आपल्या मुक्तीसाठी ही माणसे इतक्या दुरून आली होती. त्यांच्याशी आपल्या सहलींची तुलना करणे उचित नव्हे, हे मी जाणतो. परंतु अलीकडे मित्रांबरोबर त्या वाटेने जाण्याचा योग आला, की आम्ही त्या स्मारकापाशी गाड्या थांबवतो, मस्तक नमवतो, आणि मग डोकी मोजतो. सर्व आले असतील तरच पुढे निघतो. माझा तो मित्र आता माझ्या लगेच मागे असतो. त्याचा दिवा आरशात दिसत राहील, एवढाच आमच्या जथ्याचा वेग असतो.